कोरोनाकाळातले स्कूल बोर्ड रिकॉल : एवढ्या मोहिमा झाल्या, मग खुर्च्या इतक्या कमी का गेल्या?

पिंपळपार

२०२१-२२मध्ये अमेरिकेत स्कूल बोर्डाच्या (म्हणजे भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या, निवडून आलेल्या मंडळाच्या) सदस्यांना मुदतीआधी घरी पाठवण्याच्या, म्हणजे रिकॉलच्या, मोहिमांची लाट आली होती. कुठे शाळा फार काळ बंद ठेवल्या म्हणून, कुठे मास्कची सक्ती केली म्हणून, तर कुठे सक्ती केली नाही म्हणून. निवडणुकांच्या नोंदी ठेवणाऱ्या बॅलटपीडिया या संकेतस्थळावर एकट्या २०२१ सालात नव्वदहून जास्त मोहिमा आणि दोनशेहून जास्त सदस्य सापडतात. पण खुर्ची गेलेली नावं शोधायला गेलं की सॅन फ्रान्सिस्कोच्या तिघांपाशी गाडी अडते.

वर्तमानपत्रांत सभांमधली भांडणं आणि आरडाओरडा भरपूर छापून आला. कागदोपत्री काय चालतं, ते फारसं कुठे वाचायला मिळत नाही. सह्या किती लागतात, किती दिवसांत, त्या बाद कशा होतात, आणि सदस्य गेलाच तर त्याच्या जागी कोण येतं? तपशिलात माहिती असलेल्यांनी लिहावं. मास्क हवा होता की नको, हा वाद कृपया या धाग्यावर नको; त्याचे धागे २०२०पासून पडून आहेत.

सातबारा

पहिली गोष्ट म्हणजे "अमेरिकेतलं रिकॉल" अशी एक वस्तूच नाही. स्कूल बोर्डावरच्या माणसाला मतदानाने परत बोलावण्याची सोय साधारण निम्म्याच राज्यांत आहे. इलिनॉयच्या राज्यघटनेत रिकॉल फक्त गव्हर्नरसाठी आहे. टेक्सासच्या इंडिपेंडंट स्कूल डिस्ट्रिक्टच्या (डिस्ट्रिक्ट म्हणजे एका बोर्डाखालचं शाळाक्षेत्र, जिल्हा नव्हे) ट्रस्टींना, म्हणजे बोर्डाच्या सदस्यांना, ते लागू नाही. न्यू यॉर्कमध्ये मतदार काही करू शकत नाहीत, तिथे राज्याच्या शिक्षण आयुक्ताकडे अर्ज करावा लागतो. इलिनॉयमधल्या नेपरव्हिल किंवा टेक्सासमधल्या प्लेनोच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "चला, रिकॉल करू या" असं कोणी लिहिलं, तर पुढच्या निवडणुकीची वाट बघणं हाच त्याचा अर्थ.

जिथे सोय आहे तिथली मेख आकड्यात असते. कॅलिफोर्नियाचं उदाहरण घेतो, कारण तिथला कायदा सगळ्यात सुटसुटीत लिहिलेला आहे. सह्यांचं प्रमाण नोंदणीकृत मतदारांवर ठरतं. १०,००० ते ५०,००० मतदार असतील तर २० टक्के आणि मुदत १२० दिवस. ५०,००० ते १ लाख असतील तर १५ टक्के, १६० दिवस. १ लाखाच्या पुढे १० टक्के, दिवस तेवढेच. म्हणजे डिस्ट्रिक्ट जितकं लहान तितका टक्का मोठा आणि वेळ कमी. "आमचं गाव छोटं, सगळे एकमेकांना ओळखतात, सहज होईल" हा समज इथेच मोडतो.

आता ६०,००० मतदारांचं डिस्ट्रिक्ट धरा. १५ टक्के म्हणजे ९,००० वैध सह्या. वैध हा शब्द महत्त्वाचा. काही ना काही सह्या बाद होणारच, म्हणून पाव हिस्सा वर धरायचा, म्हणजे ११,०००च्या पुढे. दुकानाबाहेर टेबल टाकून उभ्या राहिलेल्या नवख्या माणसाला तासाला दहा सह्या मिळाल्या तरी ठीक म्हणायचं. हे झाले अकराशे तास. आणि हे एका सदस्याचं. प्रत्येक सदस्याचं पिटिशन, म्हणजे सह्यांचा अर्ज, वेगळं असतं. तिघांना काढायचं तर मतदाराने तीन कागदांवर नाव, पत्ता आणि सही स्वतःच्या हाताने तीनदा लिहायची. पहिल्यावर माणूस खुशीने सही करतो, तिसऱ्याला त्याचं आइस्क्रीम वितळत असतं. तिसऱ्या नावाच्या गठ्ठ्यात सह्या कमी भरतात, त्या अशा.

सह्या बाद होण्याची कारणं अगदी साधी असतात. घर बदललं पण मतदारयादीतला पत्ता जुनाच राहिला. राहत्या पत्त्याच्या जागी पोस्टाची पेटी लिहिली. नवऱ्याने बायकोचाही पत्ता भरून टाकला (चालत नाही, ज्याने त्याने स्वतः लिहायचा). एकाच माणसाने दोन ठिकाणी सही केली. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे माणूस त्या डिस्ट्रिक्टचा मतदारच नाही.

हे शेवटचं नीट समजून घ्या. शहराची हद्द आणि स्कूल डिस्ट्रिक्टची हद्द एक नसते. क्युपर्टिनो युनियन डिस्ट्रिक्टमध्ये क्युपर्टिनोबरोबर सॅन होजे, सनीव्हेल, सॅराटोगा यांचेही तुकडे येतात. उलट सॅन होजेचा फार मोठा भाग भलत्याच डिस्ट्रिक्टांत आहे. शिवाय हे डिस्ट्रिक्ट आठवीपर्यंतचं. हायस्कुलांचं बोर्ड वेगळं, त्याची हद्द वेगळी. भारतीय किराणा दुकानाबाहेर शनिवारी टेबल टाकलं तर गर्दी भरपूर मिळेल, पण त्यातले निम्मे लोक दुसऱ्याच बोर्डाचे मतदार निघतील. त्यात भर म्हणजे आता बऱ्याच डिस्ट्रिक्टांत वॉर्डासारखे विभाग केलेत. तिथे त्या सदस्याच्या विभागातलेच मतदार सही करू शकतात आणि मतही तेच देऊ शकतात. म्हणून काउंटीकडून मतदारयादी विकत घेऊन घरोघर फिरणं हाच खरा मार्ग. टेबल फोटोपुरतं ठीक.

लेखाजोखा

सातबारांनी सह्यांचं सांगितलं. बऱ्याच मोहिमा त्याच्याही आधी, पहिल्याच कागदावर आडव्या होतात.

कॅलिफोर्नियात सुरुवात इरादापत्राने होते. त्यावर पूर्वी दहा मतदारांच्या सह्या पुरत. २०२३पासून मतदारसंख्येनुसार किमान ३० किंवा ५० लागतात. कारणं २०० शब्दांत लिहायची. ही नोटीस सदस्याला हातोहात किंवा सर्टिफाइड टपालाने द्यायची, वर्तमानपत्रात छापायची आणि दोन्हींचा पुरावा निवडणूक अधिकाऱ्याकडे जमा करायचा. सदस्याला उत्तरासाठी सात दिवस, त्यालाही २०० शब्द. मग पिटिशनचा कोरा नमुना अधिकाऱ्याला दाखवून मंजूर करून घ्यायचा. अक्षराचा आकार, समास, उत्तराचा मजकूर, एक गोष्ट चुकली की नमुना परत येतो. सह्यांचे दिवस मंजुरीनंतर मोजायला लागतात ही त्यातली दिलाशाची बाजू. पण चिडलेले पालक तोवर थंड होतात, ही खरी अडचण. २०२१च्या वसंतात सुरू झालेल्या अनेक मोहिमांचा नमुना मंजूर होईपर्यंत शाळा उघडल्या होत्या आणि मुलं वर्गात बसली होती.

सह्या जमा झाल्यावर अधिकारी सगळ्या तपासत नाही, आधी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या थोड्या सह्या निवडून तपासतो. त्यावरून अंदाज ९० टक्क्यांच्या खाली आला तर मोहीम तिथेच संपते, ११०च्या वर गेला तर मंजूर. मधल्या पट्ट्यात आला तर एकेक सही तपासतात. वर म्हटलेला पाव हिस्सा जादा धरायचा तो या ११०च्या पार जाण्यासाठीही.

आता सॅन फ्रान्सिस्को. तिथे नोंदणीकृत मतदारांच्या १० टक्के, म्हणजे प्रत्येक सदस्यामागे ५१,३२५ सह्या हव्या होत्या. फेब्रुवारी २०२१मध्ये मोहीम सुरू झाली, प्रत्येकी ८०,०००च्या आसपास सह्या जमा झाल्या आणि १५ फेब्रुवारी २०२२ला मतदान झालं. गॅब्रिएला लोपेझ, अ‍ॅलिसन कॉलिन्स आणि फाउउगा मोलिगा, तिघांनाही दोन-तृतीयांशांहून जास्त मतांनी काढलं. बोर्ड सात जणांचं, मग तिघेच का? कारण बाकीचे चौघे नोव्हेंबर २०२०मध्ये निवडून आलेले होते, आणि शहराच्या चार्टरप्रमाणे (शहराच्या स्वतःच्या घटनेप्रमाणे) पदावर सहा महिने झाल्याशिवाय पिटिशन सुरूच करता येत नाही. चौघे वाचले ते कॅलेंडरमुळे. त्यांच्या कामावर मतदारांनी शिक्का मारला असं कोणी समजू नये.

हे "कोरोनाचं रिकॉल" होतं असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. शाळा बंद होत्या हे खरं. धाकट्या मुलांचे वर्ग एप्रिल २०२१मध्ये सुरू झाले. पण शाळा बंद असतानाच, जानेवारी २०२१मध्ये, बोर्डाने ४४ शाळांची नावं बदलायचा ठराव केला. लिंकन, वॉशिंग्टन यांचीही नावं त्यात होती. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या पॉल रिव्हिअरच्या बाबतीत तर चुकीच्या इतिहासावर भिस्त ठेवली होती. एप्रिलमध्ये तो ठराव मागे घ्यावा लागला. फेब्रुवारीत लोवेल या नावाजलेल्या हायस्कूलची गुणवत्तेवरची प्रवेशपद्धत काढून टाकली, त्याने चिनी वंशाचे पालक खवळले. मग कॉलिन्स यांची आशियाई लोकांबद्दलची २०१६ची ट्वीट्स बाहेर आली, त्यांचं उपाध्यक्षपद गेलं, आणि त्यांनी स्वतःच्याच डिस्ट्रिक्टवर आणि सहकाऱ्यांवर ८ कोटी ७० लाख डॉलरचा दावा लावला. कोर्टाने तो फेटाळला. डिस्ट्रिक्टच्या अंदाजपत्रकात तेव्हा साडेबारा कोटी डॉलरची तूट होती. एवढं सरपण एका चुलीत गोळा झालं होतं.

पैसाही होता. रिकॉलच्या बाजूने जवळपास २० लाख डॉलर, विरोधकांकडे १ लाखसुद्धा नाही. महापौर लंडन ब्रीड यांनी रिकॉलला जाहीर पाठिंबा दिला, आणि रिकाम्या जागा भरण्याचा अधिकार त्यांच्याकडेच होता.

बाकी डिस्ट्रिक्टांत यातलं एकही नव्हतं. नुसत्या मास्कवर मोहीम चालवणाऱ्यांकडे राग होता, पण तो गावातल्या एका बाजूचाच.

वळचण

विस्कॉन्सिनची गोष्ट राहिली. मिलवॉकीच्या उत्तरेला मेक्वॉन-थीन्सव्हिल डिस्ट्रिक्टमध्ये सातपैकी चार सदस्यांविरुद्ध सह्या पूर्ण झाल्या. हेच मोठं काम होतं, कारण तिथे त्या डिस्ट्रिक्टमध्ये गव्हर्नरपदासाठी पडलेल्या मतांच्या २५ टक्के सह्या लागतात, आणि त्या ६० दिवसांत. स्कूल बोर्डाच्या निवडणुकीला वसंतात जेमतेम लोक येतात, गव्हर्नरच्या निवडणुकीला नोव्हेंबरमध्ये रांगा लागतात, आणि मोजमाप त्या रांगांवरून. तरी सह्या झाल्या. २ नोव्हेंबर २०२१ला मतदान झालं आणि चौघेही टिकले.

का टिकले याचं अर्धं उत्तर कायद्यात आहे. सॅन फ्रान्सिस्कोत "काढायचं की नाही" एवढाच प्रश्न होता. विस्कॉन्सिनमध्ये रिकॉल म्हणजे नवी लढत: जुना सदस्य आणि समोर उभा राहिलेला उमेदवार. "हा नको" म्हणणं सोपं असतं. "त्याच्याऐवजी हा हवा" म्हणताना लोक समोरच्याचंही प्रगतिपुस्तक बघतात.

आयडाहोत आणखी एक खुंटी आहे. रिकॉलच्या बाजूची मतं विरोधापेक्षा जास्त तर हवीतच, शिवाय तो सदस्य निवडून येताना त्याला जितकी मतं पडली होती निदान तितकी हवीत.

पण मला वॉशिंग्टन राज्याबद्दल सांगायचं आहे, कारण तिथलं प्रकरण नेमकं उलटं आहे आणि त्यात रिकॉल यशस्वी झालं. रिचलंडच्या बोर्डाने १५ फेब्रुवारी २०२२ला ३ विरुद्ध २ मतांनी मास्क ऐच्छिक केला. राज्याची सक्ती तेव्हा चालू होती. दुसऱ्या दिवशी शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि बोर्डाला माघार घ्यावी लागली. राज्याची सक्ती मार्चमध्ये उठणारच होती! महिनाभर थांबले असते तर कोणी विचारलंही नसतं.

वॉशिंग्टनमध्ये "धोरण आवडलं नाही" हे रिकॉलचं कारण होऊच शकत नाही. पदाचा गैरवापर, बेकायदा कृती किंवा शपथेचा भंग, यांतला आरोप लागतो. एक मतदारही तो दाखल करू शकतो. सरकारी वकील त्याचा गोषवारा लिहितो आणि न्यायाधीश बघतो की आरोप खरा धरला तर तो पुरेसा आहे का. खरा आहे की खोटा ते कोर्ट ठरवत नाही, ते मतदारांनी ठरवायचं. त्यामुळे शाळा बंद ठेवल्या म्हणून चिडलेल्यांच्या हाती तिथे काहीच नव्हतं. बोर्ड राज्याच्या आदेशाप्रमाणे वागत होतं. आदेश मोडणारे मात्र अलगद सापडले. शिवाय सभेच्या आधीच आपसांत ठरवल्याचा, म्हणजे खुल्या सभांचा कायदा मोडल्याचा आरोपही टिकला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, मग त्या पदासाठी पडलेल्या मतांच्या ठरावीक टक्के सह्या, आणि १ ऑगस्ट २०२३ला मतदान. तिघेही गेले. ठरावापासून साडेसतरा महिने.

तेव्हा पिंपळपार, "सॅन फ्रान्सिस्कोच्या तिघांपाशी" ही मोजणी दुरुस्त करा.

लेखाजोखा

वळचण, रिचलंड माझ्याही नजरेतून सुटलं होतं. त्याला जोडून दोन राज्यं, जिथे मतदान होतच नाही.

व्हर्जिनियात त्या पदाच्या गेल्या निवडणुकीत पडलेल्या मतांच्या १० टक्के सह्या पुरतात. आकडा छोटा, म्हणून लोक हुरळतात. पण त्या सह्यांनी फक्त खटला उभा राहतो. कर्तव्यात कसूर, पदाचा गैरवापर किंवा अकार्यक्षमता, आणि त्याने पदाच्या कामावर झालेला ठोस विपरीत परिणाम, हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. खटला सरकारी वकील चालवतो, सह्या गोळा करणारे नाही. लाउडन काउंटीत असंच झालं. स्कूल बोर्डाच्या सदस्य बेथ बार्ट्स यांनी खटला चालू असताना २०२१च्या शरदात राजीनामा दिला. इतर दोघींविरुद्धचे अर्ज २०२२मध्ये नेमलेल्या सरकारी वकिलाच्याच विनंतीवरून निकाली निघाले.

पेनसिल्व्हेनियात रिकॉल नाही. फिलाडेल्फियाच्या महापौरांच्या प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६मध्येच ते मोडीत काढलं. पण शाळांच्या कायद्यात एक जुनं कलम आहे: दहा करदाते मिळून कोर्टात जाऊ शकतात की बोर्ड बंधनकारक कर्तव्य पार पाडत नाही. वेस्ट चेस्टरमध्ये मास्कसक्तीवरून कोणीतरी ते वापरलं. बोर्डाच्या वकिलांनी मुदतीत उत्तरच दाखल केलं नाही, आणि मार्च २०२२च्या अखेरीस न्यायाधीशांनी पाच सदस्य काढून टाकले! काही दिवसांतच तो आदेश फिरवला गेला. तारीख चुकली की काय होतं ते वकिलांना नव्याने कळलं असणार.

पिंपळपार

मोजणी दुरुस्त केली. दोन शंका उरल्यात. एक, सदस्य गेल्यावर जागी कोण? दोन, इथे वाचणाऱ्यांतले बरेच जण एच-वन-बी किंवा ग्रीन कार्डवर आहेत. मुलं शाळेत, कर भरतात, पण मत नाही. त्यांना यात काही करता येतं का? आणि न्यू जर्सीचंही कोणी सांगा, एडिसनकडचे लोक विचारतात.

सातबारा

न्यू जर्सीत रिकॉल आहे, स्कूल बोर्डालाही लागू आहे, पण सह्या नोंदणीकृत मतदारांच्या २५ टक्के आणि दिवस १६०. पडलेल्या मतांच्या नव्हे, नोंदलेल्या मतदारांच्या. स्कूल बोर्डाला मुळात मतदानच किती होतं ते आठवा. जितके लोक मत द्यायला येतात त्याहून जास्त लोकांच्या सह्या गोळा करा, असा तो हिशेब होऊ शकतो. कागदावर हक्क आहे असंच धरा.

जागी कोण, हे मोहीम सुरू करण्याआधी बघायचं. कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोसारखे अपवाद सोडले तर, उरलेलं बोर्ड ६० दिवसांत नेमणूक करतं किंवा निवडणूक लावतं. पाचांपैकी दोघांना काढलंत तर उरलेले तिघे आपल्याच विचाराचे दोघे नेमतील. दीड टक्का मतदारांच्या सह्यांनी ती नेमणूक रद्द करवून निवडणूक मागता येते, पण त्यासाठी हातात ३० दिवस असतात. बहुमत पालटत नसेल तर सगळी उठाठेव अंगावर येते. आणि मतदानाचा खर्च डिस्ट्रिक्टच्याच तिजोरीतून जातो. विरोधक पहिल्या पत्रकात नेमकं तेच छापतात. मतदान जवळच्या दुसऱ्या निवडणुकीला जोडून घेता आलं तर तो मुद्दा बोथट होतो.

व्हिसाचं सांभाळून वाचा.

सह्या गोळा करणं: कॅलिफोर्नियात १८ वर्षं पूर्ण असलेली कोणीही व्यक्ती पिटिशन घेऊन फिरू शकते, नागरिक असण्याची अट नाही. पण विनामोबदला. सहीमागे पैसे घेतलेत तर ते काम ठरतं, आणि एच-वन-बीवर दुसरं काम चालत नाही.

देणगी: ग्रीन कार्डवाले देऊ शकतात. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन अशा तात्पुरत्या व्हिसावाल्यांनी देऊ नये. परदेशी नागरिकांच्या देणगीवरची बंदी स्थानिक निवडणुकांनाही आहे आणि वीस डॉलरलाही आहे. मोहिमेने २,००० डॉलर जमवले की समिती म्हणून नोंदणी करावी लागते आणि देणगीदारांचा हिशेब ठेवावा लागतो. "रोखीने द्या, बघू नंतर" म्हणणारा खजिनदार दिसला तर लांब राहा.

मत: इथे सॅन फ्रान्सिस्को वेगळं आहे. २०१६मध्ये शहराच्या मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्ताव 'एन'मुळे शहरात राहणाऱ्या मुलांचे नागरिक नसलेले पालकही स्कूल बोर्डासाठी मत देऊ शकतात. २०२२च्या रिकॉलमध्येही ते देऊ शकले. त्याच वर्षी जुलैमध्ये एका न्यायाधीशाने तो नियम रद्द केला, ऑगस्ट २०२३मध्ये अपील कोर्टाने पुन्हा उभा केला. त्यासाठी नोंदणीचा अर्ज वेगळा असतो आणि हाती येणाऱ्या बॅलटवर फक्त स्कूल बोर्ड असतं.

वळचण

सातबारा, त्यात एक लाल शाईने लिहायला हवं. नागरिकत्वाच्या अर्जात, एन-४००मध्ये, "तुम्ही कधी मतदार म्हणून नोंदणी केली का, कधी मत दिलं का" हा प्रश्न असतो, आणि त्यात स्थानिक निवडणूकही येते. सॅन फ्रान्सिस्कोत कायदेशीरपणे मत दिलं असेल तरी पूर्वी उत्तर "हो" असंच लिहून सोबत खुलासा जोडावा लागे; २०२४पासूनच्या अर्जात, नागरिक नसलेल्यांना परवानगी असलेल्या स्थानिक निवडणुकीतच कायदेशीर मत दिलं असेल तर "नाही" लिहिता येतं. शहर स्वतःच मतदार नोंदणीच्या त्या वेगळ्या अर्जावर सूचना देतं की ही माहिती इमिग्रेशन खात्याच्या हाती लागू शकते, आधी वकिलाला विचारा. आणि चुकून नेहमीचा, नागरिकांचा अर्ज भरला गेला तर ते प्रकरण फार महागात पडतं. वाहन परवान्याच्या खिडकीवर "मतदार नोंदणी करायची का" विचारतात, तिथेही घाईत "हो"वर टिचकी मारू नका.

लेखाजोखा

अवांतर, पण इथल्या वाचकांना लगेच समजेल म्हणून: आपल्याकडे थेट निवडून आलेल्या सरपंचाबाबत जी तजवीज आहे ती याच्या जवळ जाते. तीन-चतुर्थांश सदस्यांनी अविश्वास ठराव मंजूर करायचा आणि मग तो ग्रामसभेसमोर गुप्त मतदानाला ठेवायचा. शाळेला मात्र ते लागू होत नाही. कोरोनात महाराष्ट्रातल्या शाळा कधी उघडायच्या ते प्रामुख्याने राज्य सरकार आणि स्थानिक प्रशासन ठरवत होते. शिक्षणहक्क कायद्याच्या शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात, पण तो निर्णय त्यांच्या हातात नव्हता, त्यामुळे कोणाला परत बोलवायचं हा प्रश्नच तिथे उभा राहिला नाही.

पिंपळपार

एन-४००चा मुद्दा धाग्याच्या डोक्यावर ठळक करून टाकतो. एक शेवटचं विचारून घेतो: पिटिशनवर केलेली सही गुप्त राहते का? शिक्षकांच्या, बसचालकांच्या ओळखी असतात, लोक त्यालाच बिचकतात.

सातबारा

कॅलिफोर्नियात हो. जमा केलेलं पिटिशन सार्वजनिक कागद नाही. अधिकारी आणि त्याचे कर्मचारी बघतात; सह्या कमी पडल्या असं ठरलं तर मोहीमवाल्यांना कारणं तपासण्यासाठी २१ दिवसांत बघायला मिळतं. वॉशिंग्टनमध्ये, विस्कॉन्सिनमध्ये नियम वेगळे आहेत. विस्कॉन्सिनमध्ये तर २०१२ला तेव्हाचे गव्हर्नर स्कॉट वॉकर यांच्या रिकॉलच्या पिटिशनची पानंच्या पानं सरकारी संकेतस्थळावर टाकली होती, सह्यांसकट.